मराठी येत असेल तर निम्मी स्पॅनिश येतेच: कार्ताहेनातले आठ आठवडे

मागच्या भागात मी सहज बोलून गेले की कोलंबियात आठ आठवडे राहून स्पॅनिश शिकले, आणि त्यावर तुमचे इतके प्रश्न आले की एक अख्खा भाग त्यालाच द्यावा लागला. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हे त्याचं लेखी रूप. बोलण्यातले 'म्हणजे' आणि 'बघा' थोडे कमी केलेत, सगळे नाही.

आधी पार्श्वभूमी. मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे, मूळची मालवणकडची. कामात लॅटिन अमेरिकेतल्या टीमशी रोज संबंध यायचा. कॉल इंग्रजीत चालायचा, पण खरं ठरायचं ते कॉल संपल्यावर, त्यांच्या स्पॅनिशमध्ये. अॅपवर दीड वर्ष काढून माझी गाडी 'मुलगा सफरचंद खातो' याच्या पुढे सरकत नव्हती. मग बिनपगारी रजा घेतली, साठवलेले पैसे काढले आणि कॅरिबियन समुद्रावरच्या कार्ताहेनाला गेले. बरोबर माझी कॉलेजची मैत्रीण, जी आता कॅनडात असते. क्लासमध्ये एक डच मुलगी आणि एक ब्राझीलचा मुलगा भेटले आणि आमची चौकडी झाली. सकाळी चार तास क्लास, दुपारपासून भटकंती.

सगळ्यांचा पहिला प्रश्न: स्पॅनिश अवघड आहे का? माझं उत्तर असं की इंग्रजीतून शिकलात तर अवघड, मराठीतून शिकलात तर बरीच सोपी.

व्याकरण: आपल्या घरचंच

स्पॅनिशची पुस्तकं इंग्रजी बोलणाऱ्यांसाठी लिहिलेली असतात, त्यामुळे त्यांना जे विचित्र वाटतं त्यावर पानंच्या पानं खर्च होतात. 'आवडणं' घ्या. 'मे गुस्ता एल मांगो' म्हणजे 'मला आंबा आवडतो'. 'मे गुस्तान लोस मांगोस' म्हणजे 'मला आंबे आवडतात'. क्रियापद चालतं आंब्याप्रमाणे, आपण राहतो 'मला' होऊन बाजूला. इंग्रजीत आवडवून घेणारा कर्ता असतो, म्हणून डच मैत्रिणीला हे पचायला आठवडा लागला. मी मात्र इंग्रजी मध्ये न आणता थेट मराठीतून गेले आणि पाच मिनिटांत मोकळी झाले. 'मला वाटतं', 'मला कमी पडतं', 'माझं डोकं दुखतं' ही सगळी वाक्यं त्याच साच्यातली.

दुसरं उदाहरण. 'मी घर बघते', पण 'मी भावाला बघते'. घराला 'ला' लागत नाही, भावाला लागतो. स्पॅनिशमध्येही तसंच: 'बेओ ला कासा', पण 'बेओ आ मि एर्मानो'. माणूस आला की मध्ये 'आ' येतो. आपण हा नियम कुणी न शिकवता लहानपणापासून पाळतोय.

तिसरं माझं लाडकं. हातातून ग्लास पडला तर आपण 'मी ग्लास पाडला' म्हणत नाही, 'माझ्या हातून पडला' म्हणतो. स्पॅनिशमध्ये 'से मे कायो एल बासो': ग्लास आपला आपण पडला, मी फक्त तिथे होते! जबाबदारी झटकण्याची ही सोय दोन्ही भाषांत आहे. आणि ज्या रूपाला सगळे घाबरतात, 'त्याने यावं असं मला वाटतं' यातल्या 'यावं'सारखं, तेही आपल्याकडे आहेच.

उच्चारांतही फायदा. स्पॅनिश त आणि द आपल्यासारखे दंत्य, प आणि क हवा न सोडता. देवनागरीत लिहून घेतलंत तर उच्चार निम्मा सुधारतो. स्वर पाचच.

मराठी मदत करत नाही ती 'आहे'च्या बाबतीत. आपल्याला एक 'आहे' पुरतो, त्यांना दोन लागतात, 'एस' आणि 'एस्ता'. 'एल मांगो एस बेर्दे' म्हणजे आंबा रंगाने हिरवा, जातच तशी. 'एल मांगो एस्ता बेर्दे' म्हणजे अजून कच्चा आहे, कैरी आहे. हे मला वहीत नाही, रस्त्यावर कळलं. तिथे कैरीच्या लांब फोडी मीठ आणि लिंबू लावून विकतात. त्या 'मांगो बिचे'च्या गाडीपाशी दोन्ही वाक्यं रोज वापरावी लागायची.

बटाटा मागितला, रताळं आलं

मी राहत होते त्या भागाचं नावच 'मांगा'. घरमालकीण काकू दुपारी नारळीभात करायच्या. नारळाचं दूध आटवत आटवत तेल सुटेपर्यंत आणायचं, तळाला तपकिरी चोथा उरतो त्याला 'तितोते' म्हणतात, त्यात 'पानेला' म्हणजे चक्क गूळ, आणि मग तांदूळ. बरोबर तळलेला मासा. मालवणच्या मुलीला अजून काय हवं! शाकाहारी मंडळींसाठी 'मोते दे केसो' आहे, कोनफळाच्या कुळातला एक कंद आणि चीज यांचं दाट सूप.

एकदा बाजारात मी 'बटाटा' हा शब्द स्पॅनिश असणार अशा भरवशावर 'बाताता' मागितला. बाईंनी रताळं दिलं. तिथे बटाट्याला 'पापा' म्हणतात. गंमत अशी की बरोबर त्याच होत्या. 'बाताता' हा कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो लोकांचा शब्द, आणि तो मुळात रताळ्याचाच. तो स्पॅनिश-पोर्तुगीजांच्या तोंडी बसला, पोर्तुगीजांबरोबर आपल्या किनाऱ्याला लागला आणि आपल्याकडे दुसऱ्याच कंदाला चिकटला. उलट दिशेने नारळ गेला: हिंदी महासागराच्या बाजूचा नारळ पोर्तुगीजांनी अटलांटिककडे नेला आणि तिथून तो कॅरिबियनला पोचला. आपली 'चावी'सुद्धा पोर्तुगीज. स्पॅनिशमध्ये तिला 'याबे' म्हणतात, दोन्हींचा मूळ लॅटिन शब्द एकच.

'स' कुठे गेला?

आता खरी अडचण. क्लासमध्ये सगळं कळायचं आणि दाराबाहेर पडलं की काहीच नाही. कॅरिबियन किनाऱ्यावरचे लोक, म्हणजे 'कोस्तेन्यो', अक्षराच्या शेवटचा 'स' सोडून देतात किंवा त्याचा नुसता 'ह' करतात. 'पेस्कादो', म्हणजे मासा, याचं होतं 'पेहकाओ'. त्यात कार्ताहेनाची खासियत अशी की 'र' पुढच्या व्यंजनात विरघळतो आणि ते व्यंजन दुप्पट होतं. 'पुएर्ता' म्हणजे दार, त्याचं 'पुएत्ता'. 'कार्ने' म्हणजे मांस, त्याचं 'कान्ने'. गावाचं नावसुद्धा 'कात्ताहेना'.

हे ऐकून माझी ट्यूब पेटली. संस्कृत 'कर्ण'चं प्राकृतात 'कण्ण' झालं आणि मराठीत 'कान'. 'सर्प', 'सप्प', 'साप'. 'कर्म', 'कम्म', 'काम'. तोच 'र', तसाच विरघळलेला! ज्याला राजधानी बोगोताची माणसं आळशी उच्चार म्हणून हसतात, त्याच प्रक्रियेतून आपली मराठी घडली आहे. या न्यायाने आपण सगळेच दोन हजार वर्षांचे आळशी.

आमच्या बाई वर्गात एकेक 'स' ठणठणीत उच्चारायच्या. एकदा मध्येच त्यांच्या आईचा फोन आला आणि सगळे 'स' गायब. फोन ठेवला, 'स' परत हजर. मला हे नवीन नव्हतं. पुण्यातल्या हॉस्टेलवर मालवणी मुली आईशी फोनवर बोलायला गॅलरीत जातात, ते याच कारणासाठी. मी बाईंना म्हटलं, मला फोनवरची भाषा शिकवा. त्या हसल्या, पण त्या दिवसापासून शेवटचा अर्धा तास त्यासाठी ठेवला.

त्याचा उपयोग लवकरच झाला. आम्ही चौघं सांता मार्ताजवळच्या ताइरोना राष्ट्रीय उद्यानात गेलो. 1964 साली स्थापन झालेलं हे जंगल थेट समुद्रात उतरतं. पाठीमागे सिएरा नेवादाचा डोंगर, किनाऱ्यापासून जेमतेम 42 किलोमीटरवर साधारण 5,700 मीटर उंच आणि माथ्यावर बर्फ. वाटेत आर्रेसिफेस नावाचा देखणा किनारा लागतो. पाणी शांत दिसत होतं, माझी मैत्रीण पाण्याकडे निघालीसुद्धा. तेवढ्यात एक फळवाले आजोबा जोरात ओरडले. डच मुलीची पुस्तकी स्पॅनिश आमच्यात सगळ्यात चांगली, पण तिने ऐकलं 'ला कोर्रिएन्ते' आणि तिला वाटलं ते विजेबद्दल बोलतायत. ते 'लास कोर्रिएन्तेस' म्हणत होते, दोन्ही 'स' गिळून. म्हणजे प्रवाह, खेचणारे. मी मैत्रिणीचा दंड धरला. आर्रेसिफेसला याच प्रवाहांमुळे पोहायला बंदी आहे आणि तिथे माणसं बुडालेली आहेत. आम्ही पुढच्या, खडकांनी अडवलेल्या 'ला पिसीना'ला पोहलो.

पालेंके आणि कोर्लई

शेवटच्या आठवड्यात कार्ताहेनापासून साधारण 50 किलोमीटरवरच्या सान बासिलियो दे पालेंकेला गेलो. हे गाव गुलामगिरीतून निसटलेल्या आफ्रिकन लोकांनी वसवलं. त्यांचा नेता बेंकोस बिओओ, ज्याला 1621 मध्ये कार्ताहेनात फाशी दिलं. गावाची भाषा पालेंकेरो: शब्द बहुतेक स्पॅनिश, पण घडण वेगळी. अनेकवचनाचा 'मा' आफ्रिकेतल्या किकोंगोतून आलेला, आणि नकार वाक्याच्या शेवटी, आपल्या 'नाही'सारखा. शहरात हिला 'मोडकी स्पॅनिश' म्हणून हिणवत, म्हणून लोक ती मुलांशी बोलायचं टाळत. आता ती गावच्या शाळेत शिकवतात, आणि 2005 मध्ये युनेस्कोने पालेंकेच्या संस्कृतीला मानवतेचा अमूर्त वारसा म्हणून गौरवलं.

हिची चुलत बहीण आपल्याकडे आहे, हे किती जणांना माहितीये? रेवदंड्यासमोर कोर्लई किल्ल्याच्या पायथ्याशी 'नौ लिंग', म्हणजे 'आमची भाषा', बोलतात. मूळ पोर्तुगीज. 1740 मध्ये पोर्तुगीज तिथून गेले, भाषा राहिली, आणि मराठीच्या शेजाराने तिचं क्रियापद वाक्याच्या शेवटी जाऊन बसलं. बोलणारे आता हजाराच्या आसपास. आपण अलिबागला दर विकेंडला जातो, पण तिथून तासाभरावरची ही भाषा ऐकायला कोण जातं?

जायचं असेल तर

थोडक्यात कामाचं. जाण्याआधी दोन-तीन महिने प्राथमिक स्पॅनिश इथेच करा, तिथले दिवस महाग असतात. हॉस्टेलपेक्षा कुटुंबात राहा. पाऊस टाळायचा तर डिसेंबर ते मार्च. ताइरोना तिथल्या आदिवासींच्या आग्रहावरून वर्षातून काही वेळा बंद ठेवतात, तारखा बघून तिकीट काढा. व्हिसाचे नियम बदलतात, थेट दूतावासाच्या साइटवर वाचा. भारताशी वेळेचा फरक साडेदहा तासांचा, म्हणजे घरी फोन करायला तुमची सकाळ बरी. मित्रांबरोबर गेलात तर क्लासनंतर आपसात इंग्रजी बंद, हा नियम करा. आमच्यात जो इंग्रजी बोलेल त्याने सगळ्यांना नारळपाणी पाजायचं. ब्राझीलच्या मुलाने सगळ्यात जास्त पाजलं.

आणि वही मराठीत ठेवा, खरंच. प्रत्येक नवं वाक्य आधी घरच्या बोलीत म्हणून बघा: मालवणी, अहिराणी, वऱ्हाडी, जी असेल ती. कुठे जुळतं, कुठे अडतं, ते मला लिहून कळवा. पुढच्या भागात अशी वाक्यं घेऊन बसू. तोपर्यंत, काकूंच्या उच्चारात: 'नो बेमो'. भेटूच!