दुधावरची साय

दिवाळीच्या आगेमागे आपल्या यवतमाळ जिल्ह्यातल्या एखाद्या खेड्यात सकाळी दहाच्या सुमारास चक्कर मारा. गाव निम्मेअधिक रिकामे दिसेल. कपाशी फुटलेली असते आणि बाया पोटाशी फडके बांधून वेचणीला गेलेल्या असतात. पण एखाद्या ओसरीवर म्हातारी आजी बसलेली दिसेलच. मांडीवर आठ-दहा महिन्यांचे मूल आणि शेजारी धुळीत खेळणारे दुसरे.

माझेही बालपण अशाच एका ओसरीवर गेले. आजीला कुणी विचारले, की ती म्हणे, "दुधापेक्षा दुधावरची साय गोड!" दूध म्हणजे मुले आणि साय म्हणजे नातवंडे, हे तुम्हाला ठाऊक आहेच. पण साय गोड का लागते? या प्रश्नाचा विचार शास्त्रज्ञांनीही केला आहे.

आधी एक कोडे पाहू. बहुतेक सस्तन प्राण्यांच्या माद्या जवळजवळ आयुष्याच्या अखेरीपर्यंत पिलांना जन्म देऊ शकतात. मानवी स्त्रीची ही क्षमता मात्र पन्नाशीच्या आसपास संपते. तरीही त्यानंतर ती वीस-तीस वर्षे किंवा अधिकही जगू शकते. उत्क्रांतीत जे गुण वंशजांची संख्या वाढवतात, तेच टिकतात. मग अपत्ये होणे थांबल्यानंतरच्या या दीर्घ आयुष्याचे प्रयोजन काय?

याचे एक उत्तर आफ्रिकेतून आले. टांझानियात एयासी सरोवराच्या परिसरात हाद्झा लोक राहतात. शिकार करणे आणि कंद, फळे, मध गोळा करणे ही त्यांची परंपरागत जीवनपद्धती. १९८०च्या दशकात क्रिस्टन हॉक्स या मानवशास्त्रज्ञ आणि त्यांचे सहकारी यांनी तेथे बारकाईने नोंदी घेतल्या. कोण किती वेळ कंद खणते? कोणत्या मुलाचे वजन किती वाढते? त्यांना असे आढळले, की एरवी मुलाची वाढ आईच्या कष्टांशी निगडित असते. पण आईला नवे बाळ झाले, की तिचा वेळ त्याला पाजण्यात जातो. अशा वेळी थोरल्या मुलाचे वजन आजी किती कष्ट करते त्यावर अवलंबून असलेले दिसले!

नातवंडात आजीची सरासरी पाव जनुके असतात. आजीच्या मदतीने नातवंडे जगली, तर तिला दीर्घायुष्य देणारी जनुकेही पुढच्या पिढ्यांत जातात. या विचाराला 'आजी-गृहीतक' म्हणतात. फिनलंड आणि कॅनडा येथील अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतील कुटुंबांच्या नोंदी तपासून २००४ साली एक निष्कर्ष प्रसिद्ध झाला. पन्नाशीनंतर आजी जितकी दशके जगली, त्या प्रत्येक दशकामागे तिला सरासरी दोन नातवंडे अधिक लाभलेली आढळली.

येथे थोडे थांबू या. दोन गोष्टी बरोबर घडल्या म्हणजे एक दुसरीचे कारण झाली, असे लगेच म्हणता येत नाही. ज्या घरात खायला मुबलक असेल, तेथे आजीही जास्त जगेल आणि नातवंडेही. म्हणूनच हे अजून गृहीतक आहे, नियम नव्हे. सर्व शास्त्रज्ञांना ते मान्यही नाही.

तुम्ही म्हणाल, "सर, आजी काय जनुकांचा हिशेब करून घास भरवते?" मुळीच नाही! आपण उष्मांक मोजून जेवायला बसतो का? आपल्याला भूक लागते. शरीराची गरज भुकेच्या रूपाने जाणवते, तशीच ही ओढ मायेच्या रूपाने जाणवत असावी.

ही ओढ मेंदूत पाहता येते का? २०२१ साली अमेरिकेत अटलांटा येथील एमरी विद्यापीठात जेम्स रिलिंग आणि सहकाऱ्यांनी ५० आज्यांच्या मेंदूंचे चित्रण केले. या तंत्रामागे आपले भौतिकशास्त्र आहे. ऑक्सिजन वाहून नेणारे हिमोग्लोबिन चुंबकाकडून किंचित दूर ढकलले जाते, तर ऑक्सिजन देऊन झालेले किंचित ओढले जाते. मेंदूचा जो भाग अधिक काम करतो, तेथे ऑक्सिजनयुक्त रक्त अधिक पोचते आणि चुंबकीय संकेत बदलतो. नातवंडाचे छायाचित्र दाखवताच, दुसऱ्याची भावना स्वतः अनुभवण्याशी संबंधित भाग विशेष जागे झाले. स्वतःच्या मोठ्या झालेल्या मुलाचे किंवा मुलीचे छायाचित्र दाखवले, तेव्हा दुसऱ्याचे मन विचाराने समजून घेण्याशी संबंधित भाग अधिक जागे झाले. नातू हसला की आजी हसते, तो रडला की तिचे डोळे भरतात. ते उगीच नव्हे.

बाळाच्या बाजूने पाहिले, तर त्याला जनुके कळत नाहीत. रडल्यावर जो पुन्हापुन्हा धावून येतो, त्याचा त्याला लळा लागतो, आणि असा लळा एकाहून अधिक माणसांचा लागू शकतो. म्हणून शेजारची म्हातारीही सख्खी आजी होऊ शकते.

माझी आजी मला अंक मोजायला शिकवी, बोटांवर आणि कपाशीच्या बोंडांवर. सही करताना मात्र ती अंगठा लावी. तिच्या मांडीवरून उठून मी महाविद्यालयात पोचलो; तिला शाळा कधीच मिळाली नाही. हे मला सलते. ठाणे जिल्ह्यात मुरबाड तालुक्यातील फांगणे गावी ८ मार्च २०१६ रोजी 'आजीबाईंची शाळा' सुरू झाली, तेव्हा मला पहिली आठवण तिची झाली. साठी ओलांडलेल्या आज्या तेथे पाटी-पेन्सिल घेऊन अक्षरे गिरवू लागल्या.

आता तुमच्यासाठी एक काम. तुमच्या गावातील दहा घरांत जाऊन विचारा, वेचणीच्या दिवसांत पाच वर्षांखालील मुले कोण सांभाळते? कोण किती तास? तक्ता तयार करा आणि शिक्षकांना दाखवा. जनगणनेत किंवा मजुरीच्या हिशेबात न दिसणारे कितीतरी तास तुम्हाला तेथे सापडतील.

आणि घरी आजीला लिहिता येत नसेल, तर संध्याकाळी एक अक्षर तिच्यासोबत गिरवा. तेवढे तरी तिचे देणे आपण लागतोच.