जकात नेमकी कोणाला द्यायची?

रमजान लागला की दारावर पावतीपुस्तकं येऊ लागतात. कुठे मशिदीचा स्लॅब, कुठे कब्रस्तानची भिंत. आपण इथे शंभर, तिथे पाचशे देतो आणि जकात निघाली म्हणून मोकळे होतो. लाखाला अडीच हजार, एवढा हिशोब आपल्याला पाठ आहे. पैसा गेला कुठे, हे मात्र आपण फारसं बघत नाही.

जकातीचे हकदार सूरह तौबाच्या ६०व्या आयतीत ठरवून दिलेले आहेत. एकूण आठ. त्यांत फकीर, मिस्कीन, कर्जबाजारी, वाटेत अडकलेला मुसाफिर हे आजही आपल्या अवतीभोवती दिसतात. हनफी मसल्याप्रमाणे रक्कम गरजूच्या हातात, त्याच्या मालकीची म्हणून पडली पाहिजे. भिंत काही मालक होत नाही. म्हणून बांधकामाला लिल्लाह द्यावं, जरूर द्यावं, पण ते जकातीत धरू नये. मदरशातल्या गरीब मुलांच्या जेवणा-कपड्याला जकात चालते, इमारतीला नाही. (कोकणात शाफई मसलक आहे, तिथे वाटपाचे काही नियम वेगळे, आपल्या आलिमांना विचारून घ्यावं.)

आमच्या मते सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते कर्जबाजाऱ्याकडे. घराला रंग आहे, दारात मोटरसायकल आहे, मग त्याला कसली गरज, असं आपण म्हणतो. मोटरसायकल हप्त्याची असते आणि आजारपणात काढलेलं कर्ज कोणाला दिसत नाही. असा माणूस पावतीपुस्तक घेऊन येणार नाही. न मागणाऱ्यांना लोक अजाणतेपणी सुखवस्तू समजतात, हे सूरह बकराच्या २७३व्या आयतीत सांगितलंच आहे.

आणि तो बहुधा आपल्याच नात्यात असतो. आई-वडील, आजी-आजोबा, मुलं, नातवंडं यांना जकात देता येत नाही, त्यांना सांभाळणं आपलं कामच आहे. पण गरजू भाऊ, बहीण, मामा, फुफी, पुतण्या यांना देता येते. हदीसमध्ये याचा दुहेरी सवाब सांगितला आहे, सदक्याचा आणि नातं जपल्याचा.

अडचण येते ती संकोचाची. धाकट्या भावाला 'ही जकात घे' कसं म्हणायचं? म्हणायची गरजच नाही. देणाऱ्याची नियत पुरेशी आहे. ईदी म्हणून पाकीट हातात ठेवलं तरी जकात अदा होते.