गाळाचं देणं

नांदूर मध्यमेश्वरला मी पहिल्यांदा गेलो तो १९९६ चा जानेवारी. निफाडला एस.टी.तून उतरलो तेव्हा उजाडलंही नव्हतं. पुढे खाणगाव थडीपर्यंत दुधाची गाडी मिळाली आणि तिथून ऊस-कांद्याच्या वावरांमधून पायी निघालो. गळ्यात उसनी दुर्बीण होती. धुक्यात पाणी दिसतच नव्हतं, त्याच्या आधी बदकांचा गलका कानावर आला. ऊन वर आलं तशी तलवार बदकं, थापटे, चक्रवाक एकेक करून ओळखू येऊ लागले. मी हरखून गेलो होतो.

काठावर जाळं सोडवत बसलेले एक बाबा माझ्याकडे बघून म्हणाले, "पाखरं बघायला आला का? मग पाटाला पाणी सुटल्यावर ये. चिखल उघडा पडंल, तवा बघ."

त्यांच्या म्हणण्याचा अर्थ त्या दिवशी मला लागला नाही. तो कळायला पुढचे बरेच हिवाळे जावे लागले.

हे तळं निसर्गाने केलेलं नाही. गोदावरी आणि कादवा जिथे भेटतात, तिथे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजांनी दगडी बंधारा घातला. हेतू शेतीचाच होता. इथून निघालेल्या डाव्या-उजव्या कालव्यांनी कोपरगाव-राहात्याकडची कोरडवाहू जमीन बागायती केली. पण दोन्ही नद्या नुसतं पाणी आणत नव्हत्या. दर पावसाळ्यात वरची माती येत राहिली आणि बंधाऱ्यामागे बसत गेली. पाणी उथळ झालं, मध्येच बेटं वर आली, काठांना पाणकणीस आणि लव्हाळं माजलं. पाटबंधाऱ्याच्या हिशेबात हा निव्वळ तोटा, कारण गाळ वाढला की साठा घटतो. पक्ष्यांना मात्र नेमकी अशीच जागा हवी होती. खोल धरणात चिखल चाळणाऱ्या पक्ष्याला खायला काय मिळणार?

डॉ. सालिम अलींनी या जागेला महाराष्ट्राचं भरतपूर म्हटलं, असं पक्षिमित्र सांगत आले आहेत. ही तुलना आणखी एका अर्थाने खरी आहे. भरतपूरचं पाणथळही माणसाने बांध घालूनच घडवलेलं.

बाबांच्या बोलण्यातलं मर्म होतं ते आवर्तनात. कालव्याला पाणी सोडलं की तळ्याची पातळी उतरते. दोन-तीन दिवसांत काठाचा काळा गाळ उघडा पडतो, त्यातले किडे, गोगलगायी, बारके मासे वर येतात आणि शेकाटे, तुतवार, पाणटिवळे त्यावर तुटून पडतात. शराटी आणि चमचे गुडघाभर पाण्यात रांगेने चालतात. वरच्या धरणांतून पाणी आलं की चिखल पुन्हा बुडतो आणि मधलं पाणी बदकांचं होतं. म्हणजे इथला पक्ष्यांचा मोसम थंडीइतकाच पाटबंधाऱ्याच्या वेळापत्रकावर चालतो. हे ध्यानात आल्यापासून मी सुट्ट्या बघून जाणं सोडलं. आवर्तनाची तारीख विचारून निघू लागलो.

इतक्या वर्षांत पाहिलेलं एक दृश्य अजून ताजं आहे. चापडगावच्या बाजूला शेदोनशे वारकरी पाण्यावर विखुरले होते. काळे पक्षी, कपाळावर पांढरा टिळा. तेवढ्यात पाणकणसावरून भोवत्या आला, पंख वर धरून, अगदी सावकाश. क्षणात सगळे वारकरी एकमेकांना चिकटले आणि पाण्यावर काळी घोंगडी अंथरल्यासारखं झालं. भोवत्या खाली येई तशी ती घोंगडी पाणी उडवत सरके. त्याने चार घिरट्या घातल्या, पण एकटा पडलेला पक्षी काही त्याला सापडला नाही. तो गेला आणि वारकरी पुन्हा पांगून चरू लागले.

अभयारण्य १९८६ सालीच जाहीर झालं होतं, पण माझ्या पहिल्या फेऱ्यांत अख्ख्या दिवसात दुसरा पक्षिनिरीक्षक भेटत नसे. पुढे निरीक्षण मनोरे उभे राहिले. गावातली पोरं वाटाडे झाली, आणि आज ती दुर्बिणीशिवाय, नुसत्या उडण्याच्या ढबीवरून पक्षी सांगतात. २०२० च्या जानेवारीत नांदूर मध्यमेश्वर राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाचं पाणथळ, ठरल्याचं जाहीर झालं. लोणार आणि ठाण्याची खाडी त्यानंतर आली. इथे २६५ हून अधिक जातींचे पक्षी नोंदले गेले आहेत.

अभयारण्य साधारण १०० चौरस किलोमीटरचं असलं, तरी रामसरमध्ये नोंदलेलं पाणथळ १४३७ हेक्टर, म्हणजे जेमतेम सातवा हिस्सा. उरलेल्यात बरीचशी शेती आहे. क्रौंचांचे थवे हरभऱ्याच्या वावरात उतरतात ते कुणाच्या तरी कष्टाच्या पिकात. म्हणूनच शेतकऱ्याला बाजूला ठेवून हे तळं राखता येणार नाही.

आज खरा पेच गाळाचाच आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये गोदावरीला पूर आला, सायखेडा-चांदोरीत पाणी घुसलं. बंधाऱ्यामागचा गाळ काढा, ही तिथल्या लोकांची मागणी जुनी आहे. ज्याच्या घरात कंबरभर पाणी शिरलं, त्याला मी पक्ष्यांची महती कोणत्या तोंडाने सांगू? त्यात वरच्या शहरांचं सांडपाणी नदीत येतं, त्यावर जलपर्णी पोसते आणि उघडं पाणी झाकून टाकते. गाळ असाच साचत राहिला तर तळं एक दिवस माळरान होईल, तेव्हा पक्षीही राहणार नाहीत. ज्या गाळाने तळं घडवलं, तोच ते बुजवू शकतो.

म्हणून गाळ काढायला माझा विरोध नाही. तो नदीच्या मुख्य धारेतून काढावा, पुराला वाट द्यावी. काठाचे उथळ पट्टे आणि बेटं तेवढी राखावीत. कुठे यंत्र लावायचं आणि कुठे नाही, हे ठरवताना पाटबंधारेवाले, वनखातं आणि काठावरची गावं एकत्र बसली, तर दोन्ही साधेल असं मला मनापासून वाटतं. कोणता पट्टा कधी उघडा पडतो आणि त्यावर कोण उतरतं, हे गावातल्या वाटाड्यांना तोंडपाठ आहे.

बाबा आता नाहीत. त्यांचा नातू वाटाडा आहे. हिवाळ्यात त्याचा फोन येतो, "काका, पाटाला पाणी सुटलं." मी उजळणी म्हणून विचारतो, चिखल किती उघडा पडला? तो सांगतो, "परवापर्यंत या. शेकाटे आजच आलेत."