जुन्या तसबिरीवरून पेन्सिलीचे व्यक्तिचित्र

वरच्या वर्गांतील चित्रकलेचा तास बहुधा तांब्या, आंबा व डोंगरामागून उगवणारा सूर्य यांतच संपतो. त्याच वर्गातील मुले घरच्या भिंतीवरील आजी-आजोबांची तसबीर पाहून चित्र काढण्यास मात्र फार उत्सुक असतात. हा उपक्रम अवश्य करावा. तथापि पुष्कळ घरांत दिवंगत माणसाची तेवढी एकच प्रतिमा उरलेली असते, हे शिक्षकांनी आधी ध्यानी घ्यावे. तसबीर शाळेत मागवू नये व चौकटीतून काढूही नये. ओलाव्याने काचेस चिकटलेले छायाचित्र ओढताच त्याचा पापुद्रा सुटून येतो. काचेवर उजेडाची तिरीप पडणार नाही अशा बेताने भ्रमणध्वनीवर घरीच प्रत घ्यावी, ती छापून आणावी, आणि चौकोन आखावयाचे ते त्या प्रतीवर.

छायाचित्र सदैव खरे सांगते, अशी मुलांची समजूत असते. ती पुरती बरोबर नाही. आरंभीच्या काचेच्या प्लेटांवर निळ्या व जांभळ्या प्रकाशाचा परिणाम चटकन होई, तांबड्याचा जवळजवळ होतच नसे. इ. स. १८७३ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ हेर्मान फोगेल यांनी विशिष्ट रंगद्रव्ये मिसळून प्लेटा हिरव्या प्रकाशासही संवेदनशील करता येतात, हे दाखविले. तांबडा प्रकाश नीट टिपणाऱ्या प्लेटा विसाव्या शतकाच्या आरंभी विक्रीस आल्या, व त्यानंतरही जुन्या प्रकारच्या प्लेटा बरीच वर्षे वापरात राहिल्या. त्यामुळे कपाळावरचे तांबडे कुंकू काळे उमटे, लाल पागोटे काळे दिसे, निळे लुगडे फिके पडे आणि गव्हाळ वर्ण होता त्याहून पुष्कळ सावळा दिसे. पणजोबा काळेकुट्ट होते असे छायाचित्रावरून ठरवून मुलाने त्यांच्या गालांवर पेन्सिल रगडणे हा पणजोबांवर अन्यायच होय! वर्ण कसा होता, पागोटे कोणत्या रंगाचे होते, हे घरातील वृद्धांस विचारून यावे.

छायाचित्र धुताना त्यात हायपो राहून गेले, तर ते कालांतराने पिवळे पडते. विटताना उजळ भागातील बारीक छटा आधी नाहीशा होतात. कपाळ, गाल व पांढरे धोतर सपाट दिसू लागते. अशा जागी मुले स्वतःच्या मनाने रेघा घालतात. ते टाळावे. जे दिसत नाही व कोणास आठवतही नाही, तेथे कागद कोरा राहिल्याने चित्राचे काही बिघडत नाही.

प्रतीवर १ सेंटिमीटरचे व कागदावर ३ सेंटिमीटरचे चौकोन हलक्या हाताने आखून बाह्यरेषा एचबी पेन्सिलीने उतरवावी. डोळे डोक्याच्या उंचीच्या साधारण मध्यावर असतात; मुले ते हटकून वर काढतात. पागोट्याच्या टोकापासून माप घेतले तरीही डोळे वर जाण्याची तीच चूक होते, म्हणून पागोट्याखालील माथा आधी अंदाजाने ठरवावा. पुढे डोळे किलकिले करून प्रतीकडे पाहिले, की बारीकसारीक तपशील लोपून उजेड, मध्यम छाया व गडद छाया एवढेच उरते. या छाया २बी व ४बी पेन्सिलीने भराव्यात. नाकास दोन्ही बाजूंनी रेघ नसते, एका बाजूस छाया असते. सुरकुत्यांचेही तसेच, त्यांना ठळक रेघा मारल्या तर आजीचा चेहरा भेगाळलेल्या शेतासारखा दिसू लागतो. बोटाने घासण्याची सवय लागू देऊ नये. बोटाचा तेलकटपणा कागदावर उतरून डाग पडतात.

चित्र पुरे झाल्यावर त्याच्या मागील बाजूस त्या व्यक्तीचे नाव, नाते आणि माहिती सांगणाऱ्याचे नाव मुलाने लिहावे.

काही मुलांच्या घरी वडीलधाऱ्यांचे एकही जुने छायाचित्र नसते. म्हणून हा पाठ सर्वांस सक्तीचा करू नये, व कोणाकडे तसबीर नाही याची वर्गात चौकशीही करू नये. अशा मुलाने घरातील वृद्ध माणसास दाराच्या उजेडात बसवून प्रत्यक्ष पाहून चित्र काढावे. तेथे चौकोन आखता येत नाहीत. हात लांब करून पेन्सिलीनेच मापे घ्यावी लागतात आणि समोरचे माणूस हलतेही. अशा चित्रास एक तास पुरत नाही; तेवढी सवड शिक्षकांनी द्यावी.