मिठागरातले मीठ आणि सैनिकाचा चिरूट

पावसाळा लागला की वसईच्या घराघरांत मिठाच्या बरणीला पाणी सुटते, पापड नरमतात आणि काड्यापेटीतील काडी घासली तरी पेटत नाही. हवेतील ओल हा किनाऱ्यावरील माणसाच्या रोजच्या अनुभवाचा विषय. वर्गात मात्र तो 'सापेक्ष आर्द्रता' या व्याख्येपुरता उरतो. ही व्याख्या जिवंत करण्यासाठी आम्ही येथे एक वेगळे उदाहरण घेत आहोत : मोहिमेवरील सैनिकाजवळचा चिरूट. चिरूट म्हणजे गुंडाळलेले वाळके पान, आणि वाळके पान हवेतील ओलीला फार चटकन प्रतिसाद देते. (तंबाखूची भलामण करण्याचा आमचा हेतू नाही. त्याविषयी शेवटी बोलूच.)

पान आणि पलटण

तंबाखू मूळची अमेरिकेतील. पोर्तुगिजांनी ती हिंदुस्थानात आणली. वसई १५३४ साली त्यांच्या ताब्यात आली आणि मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेने वेढा घालून ती जिंकली. या दोनशे वर्षांत खलाशी, सैनिक आणि व्यापारी यांच्याबरोबर तंबाखू देशभर पसरली. 'चिरूट' हा शब्द मात्र पोर्तुगीज नाही. 'गुंडाळणे' या अर्थाच्या तमिळ शब्दावरून तो आला आहे.

पुढे पहिल्या व दुसऱ्या महायुद्धात अनेक सैन्यांनी तंबाखूला शिध्यातच स्थान दिले. १९१५च्या डिसेंबरपासून १९१६च्या एप्रिलअखेरपर्यंत इराकमधील कुत येथे हिंदी-ब्रिटिश फौज वेढ्यात अडकली होती. तिच्यात १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणीही होत्या. तेथे तंबाखू संपली तेव्हा लोक चहाचा चोथा आणि झाडांची पाने वाळवून ओढू लागले. अशा वेळी जवळ असलेला साठा टिकवणे आणि तो वाटून पुरवणे या दोन्ही गोष्टींना किती महत्त्व येत असेल, याची कल्पना करता येते.

थोडे पाणी हवे, फार नको

चांगल्या स्थितीतील चिरुटात वजनाच्या साधारण १२ ते १४ टक्के पाणी असते. ते कमी झाले की पान कुरकुरीत होऊन तडकते. वाढले की बुरशी धरते. भोवतालच्या हवेची सापेक्ष आर्द्रता ६५ ते ७० टक्के असेल तर हा तोल राहतो. वसईच्या पावसाळ्यात ती ८० ते ९० टक्क्यांवर जाते, तर वाळवंटात ३० टक्क्यांच्याही खाली उतरते. म्हणजे एकाच चिरुटाला एके ठिकाणी बुरशीचे भय आणि दुसऱ्या ठिकाणी तडकण्याचे.

सापेक्ष आर्द्रता म्हणजे काय? ३० अंश सेल्सिअस तापमानाला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे ३० ग्रॅम बाष्प राहू शकते. प्रत्यक्षात २१ ग्रॅम असेल तर सापेक्ष आर्द्रता ७० टक्के झाली. पान या हवेशी सतत देवघेव करत असते. हवा कोरडी असेल तर पान पाणी सोडते, दमट असेल तर घेते आणि दोघांचा मेळ बसला की थांबते.

डबा भरलेला बरा की रिकामा?

आधुनिक सैन्यात काडतुसांच्या रिकाम्या पत्र्याच्या पेट्या चिरूट ठेवायला वापरल्या जातात. झाकणाला रबरी पट्टी असल्याने बाहेरची हवा आत शिरत नाही. पण वाटण्यासाठी पेटी वारंवार उघडावी लागते. मग ओल निघून जात नाही का? हिशेब करून पाहू.

पेटी पाच लिटरची, आतील हवा ७० टक्के व बाहेरची ३० टक्के आर्द्रतेची, तापमान दोन्हीकडे ३० अंश धरू. एकदा उघडल्यावर आतील सगळी हवा बदलली तरी जाणारे बाष्प सुमारे ०.०६ ग्रॅमच. पेटीत १० ग्रॅमचे ५० चिरूट असतील आणि प्रत्येकाने ०.३ ग्रॅम पाणी गमावले तर ते कोरडे वाटू लागतील असे मानू. त्यासाठी एकूण १५ ग्रॅम पाणी जायला हवे, म्हणजे पेटी सुमारे २५० वेळा उघडायला हवी. वाटता वाटता पाचच चिरूट उरले, तर २५ वेळा उघडणेही पुरेसे होते.

यातून दिसते ते असे : ओलीचा खरा साठा पेटीतील हवेत नसून पानांत असतो. साठा वाटला जातो तसे उरलेले चिरूट लवकर वाळू लागतात. उपाय सोपा आहे. साठा कमी झाला की पेटीही लहान घ्यावी.

मिठाची किमया

पेटीत ओला बोळा किंवा बटाट्याची फोड ठेवण्याची युक्ती अनेकजण करतात. ती फसते. बंद जागेत शुद्ध पाणी असेल तर हवा १०० टक्क्यांकडे जाते आणि बुरशी येते. पाण्यात मीठ विरघळले की पाण्याच्या रेणूंचे निसटणे कमी होते. तळाशी न विरघळलेले मीठ शिल्लक राहील असा दाट द्राव केला, तर वरची हवा सुमारे ७५ टक्के आर्द्रतेवर स्थिर होते. ओल वाढली तर द्राव ती शोषतो, घटली तर सोडतो. रोजच्या तापमानात हा आकडा फारसा बदलतही नाही. म्हणूनच आर्द्रतामापक बरोबर आहे की नाही हे तपासायला ओल्या मिठाचा उपयोग करतात. चिरुटाला ७५ टक्के किंचित जास्त होतात, म्हणून त्यासाठी वेगळे द्राव वापरतात. तत्त्व तेच.

बरणीतील मिठाला पाणी का सुटते, याचे उत्तरही येथेच मिळते. हवा ७५ टक्क्यांच्या वर गेली की शुद्ध मीठसुद्धा ओल ओढू लागते. खाडीकाठच्या मिठागरांतील जाड्या मिठात थोडे मॅग्नेशियम क्लोराइड असते. त्याची मर्यादा अवघी ३३ टक्के, म्हणून हे मीठ आधीच ओलावते.

वर्गात करून पाहा

या प्रयोगात तंबाखू मुळीच वापरू नये. केळीच्या वाळक्या पानाचे सारखे तुकडे घ्या. घट्ट झाकणाच्या तीन बरण्यांत ते दोऱ्याने टांगा. पहिल्या बरणीच्या तळाशी ओला कापूस, दुसरीत पाण्याने चिखलासारखे केलेले शुद्ध मीठ आणि तिसरीत गरम करून कोरडे केलेले तांदूळ ठेवा. रोज पान वाकवून पाहा, शक्य असल्यास वजन करा आणि आठवडाभर नोंदी ठेवा. कोणते पान मोडते, कोणते वाकते आणि कोणत्यावर प्रथम बुरशी दिसते? वसईची सुकेळी, बियाणे, हळद आणि शाळेतील सूक्ष्मदर्शकाची भिंगे टिकवण्याचे प्रश्न याच नोंदींशी जोडता येतील.

एक इशारा

छावणीत चिरूट वाटून घेणे ही मैत्रीची खूण मानली गेली. शिध्यातून मिळालेल्या तंबाखूने असंख्य सैनिकांना आयुष्यभराचे व्यसनही लावले. १९५० साली डॉल आणि हिल यांनी धूम्रपान व फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखवला. अमेरिकी सैन्याच्या शिध्यातील सिगारेटी १९७५ मध्ये बंद झाल्या. चिरुटाचा धूर छातीत घेतला नाही तरी तोंडाच्या कर्करोगाचा धोका राहतोच. आपल्याकडे २००३च्या कायद्याने १८ वर्षांखालील मुलांना तंबाखू विकण्यास आणि शाळेपासून १०० यार्डांच्या आत ती विकण्यास बंदी आहे. विद्यार्थ्यांनी या उदाहरणातून ओलीचा तोल तेवढा घ्यावा. पान ओढायचे नसते, तपासायचे असते.