जंताच्या गोळ्या आणि प्रोस्टेटचा कॅन्सर

एसटीतून निवृत्त झालेले एक काका दोन वर्षांपासून माझ्याकडे येतात. वय एकाहत्तर. प्रोस्टेट म्हणजे पुरःस्थ ग्रंथीचा कॅन्सर हाडांपर्यंत पोहोचलेला. दर तीन महिन्यांनी हार्मोनचं इंजेक्शन आणि रोज ॲबिराटेरॉनच्या गोळ्या सुरू होत्या. पीएसए छान खाली आला होता आणि कंबर दुखायची थांबली होती. मग एका तपासणीत यकृताचे आकडे बिघडलेले निघाले. एसजीपीटी नेहमीच्या कमाल मर्यादेच्या सहापट झालं होतं. ॲबिराटेरॉनमुळे असं होऊ शकतं, म्हणून मी ते थांबवलं. महिना गेला तरी आकडे हवे तसे उतरेनात. त्या भेटीत काका बाहेर गेल्यावर मुलगा मागे थांबला. ‘‘डॉक्टर, एक सांगायचंय. पण बाबांना रागावू नका.’’ त्याने पिशवीच्या तळातून कागदात गुंडाळलेल्या दोन स्ट्रिप काढल्या. एक आयव्हरमेक्टिनची, दुसरी जनावरांच्या औषधांच्या दुकानातून आणलेल्या फेनबेंडाझोलची. दोन्ही जंतांवरची औषधं.

रागवण्यासारखं त्यात काही नव्हतं. मोबाइलवर आलेला व्हिडीओ घरातल्या सगळ्यांनी पाहिला होता. ‘ही स्वस्त औषधं कॅन्सर बरा करतात, पण कंपन्यांना ते बाहेर येऊ द्यायचं नाही,’ असं त्यात ठासून सांगितलं होतं. आजार आपल्या शरीरात असताना असं ऐकून गप्प बसणं सोपं नसतं. शिवाय आयव्हरमेक्टिन आपल्याला परकं नाही. करोनाच्या दुसऱ्या लाटेत, मे २०२१मध्ये, गोवा सरकारने अठरा वर्षांवरील सर्वांना ते देण्याचं जाहीर केलं होतं. पुढे मोठ्या चाचण्यांत करोनावर त्याचा उपयोग दिसला नाही, पण गोळीचं नाव घराघरांत राहिलं.

मुलाने विचारलेला प्रश्न मात्र प्रामाणिक होता. ‘‘यात खरंच काहीच नाही का?’’

कल्पना वेडगळ नाही

एका आजाराचं औषध दुसऱ्या आजारावर लागू पडतं का, हे पाहणं ही वैद्यकशास्त्राची जुनी आणि फळलेली वाट आहे. काका घेत असलेलं ॲबिराटेरॉन याच वाटेवरून आलं. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला केटोकोनॅझोल हे बुरशीवरचं औषध घेणाऱ्या काही पुरुषांची छाती फुगू लागली. शोध घेतल्यावर कळलं, की मोठ्या मात्रेत हे औषध शरीरात टेस्टोस्टेरॉन तयार होण्याच्या प्रक्रियेतच अडथळा आणतं. प्रोस्टेटचा कॅन्सर याच हार्मोनवर पोसतो, हे चार्ल्स हगिन्स यांनी १९४१मध्ये दाखवलं होतं आणि त्यासाठी त्यांना १९६६चं नोबेलही मिळालं. साहजिकच डॉक्टर प्रोस्टेटच्या रुग्णांना केटोकोनॅझोल देऊ लागले. काहींचा पीएसए उतरला. पण औषध यकृताला जड जात होतं आणि त्याने आयुष्य वाढतं हे कधी सिद्ध झालं नाही.

गोष्ट तिथे थांबली नाही. तोच अडथळा अधिक नेमकेपणाने आणणारा रेणू लंडनच्या कॅन्सर संशोधन संस्थेत तयार झाला. तोच ॲबिराटेरॉन. १,१९५ रुग्णांच्या चाचणीत ते घेणाऱ्यांचं मध्यमान आयुष्य १४.८ महिने, तर न घेणाऱ्यांचं १०.९ महिने निघालं. २०११मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. एका दुष्परिणामापासून एका उपचारापर्यंतचं हे अंतर कापायला तीस वर्षं लागली, आणि त्यातला मोठा भाग तपासून पाहण्यात गेला.

बशीतली मात्रा आणि शरीरातली मात्रा

आयव्हरमेक्टिनच्या बाबतीत प्रयोगशाळेतली निरीक्षणं खोटी नाहीत. प्रोस्टेटच्या कॅन्सरपेशींची वाढ ते रोखतं, असं २०२२मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पेशींवर आणि उंदरांवर दिसलं. फेनबेंडाझोल जंतांच्या पेशींमधल्या सूक्ष्म नलिकांची घडण मोडतं. कॅन्सरवरचं डोसिटॅक्सेलही पेशीतल्या त्याच नलिकांवर वेगळ्या रीतीने काम करतं. म्हणून संशोधकांना कुतूहल वाटलं, तर ते योग्यच.

अडचण मात्रेची आहे. काचेच्या बशीतल्या पेशी मारायला आयव्हरमेक्टिनची जी तीव्रता लागते, ती नेहमीची गोळी घेतल्यावर रक्तात सापडणाऱ्या तीव्रतेच्या साधारण शंभरपट किंवा त्याहूनही जास्त असते. म्हणजे नेहमीच्या मात्रेत बशीतला परिणाम शरीरात घडण्याची शक्यता फार कमी. मात्रा वाढवत नेली तर गोंधळलेपण, तोल जाणं, झटके येणं असे त्रास होऊ शकतात. फेनबेंडाझोल आतड्यातून रक्तात फारच कमी शोषलं जातं. आतड्यातल्या जंतांसाठी हा गुण आहे, पण हाडात बसलेल्या कॅन्सरसाठी तो दोषच. शिवाय या औषधाला माणसांसाठी मान्यता नाही, त्यामुळे माणसासाठी सुरक्षित मात्रा कोणती, हे त्या स्ट्रिपवर लिहिलेलं नसतं. जपानमध्ये फुप्फुसाच्या कॅन्सरच्या एका वृद्ध रुग्ण महिलेने समाजमाध्यमांवर वाचून ते घेतलं आणि तिच्या यकृताला इजा झाली. ते बंद केल्यावर यकृत सुधारलं. गाठ मात्र लहान झाली नव्हती.

‘पण त्यांना तर गुण आला!’

व्हिडीओतल्या बहुतेक गोष्टींचं मूळ अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यातल्या एका गृहस्थापाशी जातं. फेनबेंडाझोलने आपला फुप्फुसाचा कॅन्सर गेला, असं त्यांनी सांगितलं. त्याच काळात ते इम्युनोथेरपीच्या चाचणीतही होते, ही गोष्ट पुढे पाठवलेल्या संदेशांतून बहुधा गळून पडते. २०१९मध्ये ही कथा दक्षिण कोरियात पोहोचली आणि दुकानांतलं कुत्र्यांचं जंतनाशक संपलं. तिथले विनोदी कलाकार किम चुल-मिन यांनी ते काही महिने घेतलं, उपयोग होत नाही हे जाहीरपणे सांगून थांबवलं, आणि २०२१मध्ये त्यांचं निधन झालं. ‘डिलबर्ट’ या व्यंगचित्रमालिकेचे जनक स्कॉट ॲडम्स यांना तर प्रोस्टेटचाच कॅन्सर झाला होता. आपण ही दोन्ही औषधं घेऊन पाहिली आणि ती लागू पडली नाहीत, असं त्यांनी मे २०२५मध्ये सांगितलं. असे अनुभव मात्र फारसे कुणी पुढे पाठवत नाही.

प्रोस्टेटच्या कॅन्सरमध्ये अनुभवकथा अधिकच फसव्या असतात. त्याची दोन कारणं आहेत. पहिलं म्हणजे लवकर सापडलेला हा कॅन्सर बऱ्याचदा अतिशय सावकाश वाढतो. ब्रिटनमधल्या ‘प्रोटेक्ट’ चाचणीत १,६४३ पुरुषांपैकी काहींची शस्त्रक्रिया झाली, काहींना किरणोपचार दिले आणि काहींवर फक्त लक्ष ठेवलं. पंधरा वर्षांनंतर तिन्ही गटांत मिळून या कॅन्सरने दगावलेले होते २.७ टक्के. अशा रुग्णाने पंधरा वर्षं रोज सकाळी कोणतीही गोळी घेतली असती, तरी ‘मी तिच्यामुळे जगलो’ असं त्याला मनापासून वाटलं असतं.

दुसरं कारण उलट टोकाचं. कॅन्सर पसरलेला असला तरी हार्मोनच्या इंजेक्शनाने बहुतेकांचा पीएसए काही महिन्यांत झपाट्याने खाली येतो. त्याच महिन्यांत कुणी जंताच्या गोळ्या सुरू केल्या, तर श्रेय कुणाला द्यायचं? काकांच्या घरीही हेच झालं होतं. पीएसए आधीच उतरत होता. गोळ्या सुरू केल्यावर तो आणखी उतरला आणि घरच्यांची खात्री पटली.

तपासल्यावर काय दिसतं?

म्हणून तुलना लागते. मधुमेहावरचं मेटफॉर्मिन पाहा. ते घेणाऱ्या मधुमेहींमध्ये कॅन्सर कमी दिसतो, असं अनेक निरीक्षणांत आढळलं होतं. औषध स्वस्त आणि कोट्यवधींनी वापरलेलं. जंताच्या गोळ्यांपेक्षा त्याची बाजू कितीतरी भक्कम होती. ब्रिटन आणि स्वित्झर्लंडमधल्या ‘स्टॅम्पीड’ या चाचणीत प्रोस्टेटचा कॅन्सर पसरलेल्या १,८७४ पुरुषांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं दोन गटांत वाटलं. एका गटाला नेहमीचे उपचार, दुसऱ्याला तेच उपचार आणि मेटफॉर्मिन. मध्यमान आयुष्य पहिल्या गटात ६१.८ महिने, दुसऱ्यात ६७.४. फरक दिसतो खरा, पण केवळ योगायोगाने पडू शकतो एवढाच. आयुष्य वाढतं, असं त्यावरून म्हणता येत नाही. हार्मोन उपचारांमुळे वाढणारं वजन आणि साखर यांवर मात्र चांगला परिणाम दिसला. इतक्या माणसांच्या तुलनेनंतर आलेलं हे उत्तर आहे. आयव्हरमेक्टिन आणि फेनबेंडाझोल यांच्या मागे प्रोस्टेटसाठी अशी एकही चाचणी उभी नाही.

‘‘उपयोग नसेल, पण घेतलं तर बिघडतं काय?’’ हा पुढचा प्रश्न. त्याचं उत्तर ‘ई’ जीवनसत्त्वाने दिलेलं आहे. ते प्रोस्टेटचा कॅन्सर टाळेल, अशी आशा होती. अमेरिकेत २००१पासून ३५ हजारांहून अधिक निरोगी पुरुषांवर ‘सिलेक्ट’ ही चाचणी झाली. २००८मध्ये गोळ्या थांबवाव्या लागल्या आणि २०११च्या अहवालात ‘ई’ जीवनसत्त्व घेणाऱ्यांत प्रोस्टेटचा कॅन्सर १७ टक्के जास्त आढळला. चाचणी झाली नसती, तर लोक आजही ते कॅन्सर टाळण्यासाठी घेत राहिले असते.

स्वस्त औषध तपासणार कोण?

व्हिडीओतल्या एका तक्रारीत तथ्य आहे. पेटंट संपलेल्या औषधावर कंपनीला नफा नसतो, म्हणून त्यावर कोट्यवधी खर्च करायला ती पुढे येत नाही. पण सरकारी आणि सार्वजनिक संस्था ते करू शकतात, आणि आपल्याकडे तसं घडलंही आहे. दात काढताना हिरडीत टोचतात ते लिग्नोकेन सगळ्यांना माहीत आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियलच्या पुढाकाराने देशातल्या ११ केंद्रांत स्तनाच्या कॅन्सरच्या १,६०० स्त्रियांवर चाचणी झाली. अर्ध्या स्त्रियांना गाठ काढण्याच्या काही मिनिटं आधी गाठीभोवती लिग्नोकेन टोचलं. २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पाच वर्षांनंतर इंजेक्शन मिळालेल्या गटातल्या ९०.१ टक्के आणि न मिळालेल्या गटातल्या ८६.४ टक्के स्त्रिया हयात होत्या. ॲस्पिरिनने प्रोस्टेटसह काही कॅन्सर पुन्हा उलटणं टळतं का, हे पाहणाऱ्या ‘ॲड-ॲस्पिरिन’ या चाचणीतही ब्रिटन आणि आयर्लंडबरोबर भारतातली केंद्रं सहभागी झाली आहेत. स्वस्त औषधाला कुणी वाळीत टाकलेलं नाही. त्याच्याकडूनही पुरावाच मागितला जातो.

रुग्णाने काय करावं?

पहिली गोष्ट, लपवू नका. आयुर्वेदिक काढा असो, जीवनसत्त्वं असोत की जंताची गोळी, फाइलबरोबर सगळं टेबलावर ठेवा. डॉक्टर रागावतील, ही भीती असेल तर मुलाला किंवा सुनेला सांगायला लावा. लपवलेल्या गोळीचा खरा तोटा काकांसारखा होतो. यकृत बिघडलं की संशय चालू औषधावर जातो आणि काम करणारं औषध बंद पडतं.

दुसरी गोष्ट, मूळ उपचार सोडून दुसरं काही सुरू करू नका. तपासलेला उपचार हातातून गेला, तर मधले महिने परत मिळत नाहीत.

तिसरी, पैशांची अडचण असेल तर ती स्पष्ट बोला. स्वस्त गोळ्यांच्या मागे पुष्कळदा हीच अडचण असते. आयुष्यभराच्या इंजेक्शनांऐवजी वृषण काढण्याची छोटी शस्त्रक्रिया टेस्टोस्टेरॉन तितकंच खाली आणते. ॲबिराटेरॉन जेनेरिक स्वरूपात मिळतं. नेहमीच्या १,००० मिलिग्रॅमऐवजी २५० मिलिग्रॅम हलक्या न्याहारीबरोबर घेतलं तरी पीएसए तेवढाच उतरतो, असं २०१८मधल्या ७२ रुग्णांच्या चाचणीत दिसलं आहे. हा बदल मनाने नव्हे, डॉक्टरांशी बोलूनच करायचा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे अनेक उपचार येतात, रुग्णालयातल्या समाजसेवा विभागात चौकशी करा.

चौथी, नव्या औषधाची इच्छाच असेल तर नोंदणीकृत चाचणीत जागा आहे का, हे विचारा. भारतातल्या चाचण्यांची नोंद क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीत असते आणि ती कुणालाही पाहता येते. प्रयोग म्हणून औषध द्यायचं आणि वर त्याचे हजारो रुपये मागायचे, असं कुणी करत असेल तर तिथून उठून या.

काकांनी दोन्ही गोळ्या बंद केल्या. पाच आठवड्यांनी यकृताचे आकडे खाली आले आणि ॲबिराटेरॉन कमी मात्रेत पुन्हा सुरू झालं. मधल्या काळात पीएसए थोडा वर गेला होता, आता तो हळूहळू उतरतो आहे. पुढच्या भेटीला काकांनी खिशातून मोबाइल काढून मला आणखी एक व्हिडीओ दाखवला. या वेळी गोळ्या आणण्याआधी.