पुरात तगणारे भात आणि त्यामागचे जनुक

भाताच्या खाचरात पाणी हवे, पण रोपाचा शेंडा पाण्याबाहेर राहायला हवा. लावणीनंतर नदी फुगली आणि सगळे रोपच पाण्याखाली गेले, तर बहुतेक वाण आठवडाभरात मान टाकतात. हवेत वायू सहज पसरतात. पाण्यात ते फार मंद गतीने पसरतात. त्यामुळे बुडालेल्या रोपाला ऑक्सिजनही पुरत नाही आणि कार्बन डायऑक्साइडही. पाणी गढूळ असेल तर ऊनही पानांपर्यंत पोचत नाही. अशा वेळी रोप झपाट्याने उंच वाढून हवा गाठू पाहते. पाने आणि पेरे लांबतात आणि त्यासाठी खोडात साठवलेली साखर व स्टार्च खर्ची पडतात. पाणी उथळ असले तर ही धडपड कामी येते. खोल पाणी दहा-बारा दिवस साचून राहिले तर शिदोरी मध्येच संपते आणि पूर ओसरल्यावर लांबलचक, पिवळी, मऊ पडलेली रोपे चिखलात आडवी होतात. ओडिशा, पश्चिम बंगाल, बिहार, आसाम आणि बांगलादेशातल्या सखल जमिनींवर हे नुकसान वर्षानुवर्षे होत आले आहे.

या संकटाला उत्तर देणारे बियाणे ओडिशातल्याच शेतकऱ्यांकडे होते. ‘धलपुतिया’ नावाच्या तिथल्या पारंपरिक भातातून निवड करून ‘एफआर १३ ए’ हा शुद्ध वाण तयार झाला होता. दोन आठवडे पाण्याखाली राहूनही तो पुन्हा फुटतो. फिलिपीन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने १९७०च्या दशकात हजारो वाण पाण्याखाली ठेवून पाहिले, तेव्हाही हा वाण सर्वांत वरचढ ठरला. मात्र त्याचे उत्पन्न कमी, दाणा सामान्य आणि खोड उंच. चांगल्या वाणाशी त्याचा संकर केला की पूर सोसण्याच्या गुणासोबत हे सगळे दोषही पुढच्या पिढीत उतरत. १९९०च्या दशकापर्यंत बऱ्यापैकी उत्पन्न देणारे आणि बुडूनही तगणारे काही वाण तयार झाले, पण शेतकऱ्यांनी ते फारसे स्वीकारले नाहीत. ज्याचा भात घरात आवडतो आणि बाजारात खपतो तो वाण सोडून दुसरे बियाणे पेरायला माणूस सहजी तयार होत नाही, आणि त्यात त्याचे काही चुकतही नाही. त्यामुळे प्रश्न बदलला. नवा वाण घडवण्याऐवजी शेतकऱ्याच्या आवडीच्या वाणात नेमका तेवढा एकच गुण कसा घालायचा, याचा शोध सुरू झाला. त्यासाठी तो गुण डीएनएमध्ये कुठे आहे हे ठाऊक असणे भाग होते.

डीएनए ही ए, टी, जी आणि सी या चार रासायनिक घटकांची लांबच लांब साखळी असते. हे घटक कोणत्या क्रमाने येतात, त्याला अनुक्रम म्हणतात. भाताच्या १२ गुणसूत्रांवर मिळून अशी सुमारे ३९ कोटी अक्षरे आहेत. प्रमुख धान्यपिकांमध्ये हा संच सर्वांत आटोपशीर. गव्हाचा त्याच्या जवळजवळ चाळीसपट मोठा आहे. वनस्पतींमध्ये पहिला संपूर्ण अनुक्रम २००० साली ॲरेबिडॉप्सिस या मोहरीकुळातल्या लहानशा रोपाचा वाचला गेला. भाताचा आंतरराष्ट्रीय प्रकल्प २००५ मध्ये पूर्ण झाला. त्यात दहा देश सहभागी होते आणि अकराव्या गुणसूत्राचा काही भाग भारतीय शास्त्रज्ञांनी दिल्लीत वाचला. त्या वेळी भातात ३७,५४४ जनुके असल्याचा अंदाज मांडला गेला.

अनुक्रम हाती आला म्हणून कोणते जनुक काय काम करते हे आपोआप कळत नाही. अक्षरे मिळतात, अर्थ लावावा लागतो आणि तो लावण्याची वाट शेतातूनच जाते. पूर सोसणारा आणि न सोसणारा असे दोन वाण एकमेकांशी संकरित करायचे, त्यांची शेकडो नातवंडे वाढवायची, प्रत्येकाला टाकीत बुडवून कोण जगते ते नोंदवायचे. सोबत प्रत्येक रोपाच्या डीएनएवरच्या ठरावीक खुणा तपासायच्या. ज्या खुणा जगलेल्या रोपांत हटकून दिसतात, त्यांच्या आसपास जनुक असणार. या खुणांना मार्कर म्हणतात. केनॉन्ग शू आणि डेव्हिड मॅकिल यांनी कॅलिफोर्नियात या मार्गाने १९९६ मध्ये नवव्या गुणसूत्रावरची एक जागा निश्चित केली आणि तिला ‘सब-१’ नाव दिले. पूर सोसण्यातला जवळपास सत्तर टक्के फरक या एकाच जागेमुळे पडत होता. पिकाचे असे गुण बहुधा अनेक जनुकांत विखुरलेले असतात. ते एकाच ठिकाणी एवढे एकवटलेले सापडणे हे संशोधकांचे भाग्यच म्हणायचे.

त्या जागेवरचे नेमके जनुक हाती यायला मात्र आणखी दहा वर्षे लागली. या दहा वर्षांतला एक मुद्दा अनुक्रमाच्या वापराबद्दल बरेच काही शिकवून जातो. आंतरराष्ट्रीय प्रकल्पाने ‘निप्पॉनबारे’ या जपानी वाणाचा अनुक्रम वाचला होता आणि जगभर तोच नमुना म्हणून वापरला जात होता. पण हवे असलेले जनुक निप्पॉनबारेत मुळातच नव्हते. नमुन्यावरून शेजारपाजारचा प्रदेश ओळखता आला, तरी पूर सोसणाऱ्या वाणाच्या डीएनएचा तो तुकडा स्वतंत्रपणे वाचावा लागला. तेव्हा तिथे एकाच कुळातली तीन जनुके ओळीने आढळली : सब-१ ए, सब-१ बी आणि सब-१ सी. बी आणि सी साध्या वाणांतही असतात. ए काही वाणांत नसतेच आणि काही पूर न सोसणाऱ्या वाणांत ते थोड्या वेगळ्या रूपात सापडते. त्या दोन रूपांतल्या प्रथिनात एका अमिनो आम्लाचा फरक आहे, आणि पूर आल्यावर सक्षम रूप कितीतरी जोराने कार्यरत होते.

एका वाणाचा अनुक्रम म्हणजे त्या पिकाचा अनुक्रम नव्हे, ही गोष्ट त्यानंतर सर्वत्र मान्य झाली. २०१४ मध्ये ८९ देशांतून आलेल्या तीन हजारांहून अधिक भातवाणांचे अनुक्रम खुले करण्यात आले. बियाणेपेढ्यांत जपलेल्या पारंपरिक वाणांचे मोल त्यामुळे कमी झाले नाही; उलट, त्यांच्यात काय दडले आहे हे पहिल्यांदाच मोठ्या प्रमाणावर तपासता येऊ लागले.

ऑगस्ट २००६ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात शू, मॅकिल, पामेला रोनाल्ड आणि ज्युलिया बेली-सेरेस यांच्या गटाने सब-१ ए चा शोध प्रसिद्ध केला. जनुक हेच, याचा पुरावा म्हणून त्यांनी ते पूर न सोसणाऱ्या एका जपानी प्रकारच्या वाणात घातले आणि तो वाणही बुडून तगू लागला. जनुकाचे काम पुढच्या काही वर्षांत स्पष्ट झाले. बुडालेल्या रोपात इथिलीन वायू तयार होतो आणि बाहेर निसटता येत नसल्याने आतच साचतो. साध्या वाणांत हे साचलेले इथिलीन वाढीच्या संप्रेरकाला, म्हणजे जिबरेलिनला, मोकळीक देते आणि रोप लांबू लागते. सब-१ ए असलेल्या वाणात तेच इथिलीन या जनुकाला जागे करते. मग जिबरेलिनला अडवणारी प्रथिने वाढतात, वाढ थांबते, साखर राखून ठेवली जाते. रोप जवळजवळ निश्चल होऊन पूर ओसरण्याची वाट पाहते आणि पाणी उतरले की उरलेल्या साठ्यावर नवे फुटवे काढते.

शेतकऱ्याला हवे होते ते ‘स्वर्णा’. आंध्र प्रदेशातल्या मारुटेरू संशोधन केंद्राचा हा वाण पूर्व भारतात लाखो हेक्टरवर पेरला जातो. त्यात जनुक घालण्यासाठी जनुकबदलाचे तंत्र वापरलेले नाही, हे मुद्दाम सांगायला हवे, कारण याबाबत अजूनही गैरसमज आहेत. पद्धत परागीकरणाची, म्हणजे जुनीच होती. निवड करण्याची रीत तेवढी नवी. सब-१ असलेल्या वाणाचा स्वर्णाशी संकर केला की पहिल्या पिढीत निम्मे डीएनए दात्याचे असते. ही रोपे पुन्हा स्वर्णाशी संकरित केली की दात्याचा वाटा सरासरी पाव, त्यापुढे एक अष्टमांश, असा निम्म्यानिम्म्याने घटतो. एरवी दोष धुऊन काढायला असे पाच-सहा फेरे करावे लागतात आणि प्रत्येक फेऱ्यात रोपे बुडवून गुण टिकला की नाही हे पाहावे लागते.

मार्करमुळे हे काम रोप कोवळे असतानाच होते. पानाचा नखाएवढा तुकडा घेऊन त्यातले डीएनए वेगळे काढतात. सब-१ च्या ठिकाणचा ठरावीक तुकडा यंत्रात लक्षावधी पटींनी वाढवतात आणि जेलच्या पातळ थरातून विजेच्या साहाय्याने सरकवतात. दात्याचा तुकडा आणि स्वर्णाचा तुकडा वेगवेगळ्या अंतरावर पट्टी बनून थांबतात, त्यामुळे कोणत्या रोपात जनुक आले हे नुसते पाहून कळते. मग ज्या रोपांत जनुकाच्या दोन्ही बाजूंचे दात्याचे डीएनए लवकर तुटले आहे ती निवडायची, आणि त्यांतूनही उरलेल्या अकरा गुणसूत्रांवर स्वर्णाच्या खुणा जास्तीत जास्त असलेली. अशा तीन चाळण्यांतून गेल्यावर दोन-तीन फेऱ्यांत जवळजवळ अस्सल स्वर्णा हाती आले. ‘स्वर्णा-सब-१’ २००९ मध्ये भारतात लागवडीसाठी प्रसारित झाला. बांगलादेश आणि फिलिपीन्समध्येही त्याच सुमारास असे वाण आले.

ओडिशातल्या गावांत झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दहा दिवस बुडालेल्या शेतांत स्वर्णा-सब-१ ने साध्या स्वर्णापेक्षा सुमारे ४५ टक्के अधिक उत्पन्न दिले. पूर न आलेल्या शेतांत दोघांचे उत्पन्न सारखेच राहिले. म्हणजे पूर आला नाही तरी शेतकऱ्याचा तोटा नाही. याच अभ्यासात आणखी एक गोष्ट पुढे आली, आणि या साऱ्या कहाणीत ती सर्वांत महत्त्वाची वाटते. सखल, पुन्हापुन्हा बुडणाऱ्या जमिनी अनुसूचित जातींच्या शेतकऱ्यांकडे अधिक प्रमाणात आहेत, त्यामुळे या बियाण्याचा फायदाही त्यांना तुलनेने अधिक होतो. नंतरच्या अभ्यासात असेही दिसले की पुराची धास्ती कमी झाल्यावर शेतकरी खतावर आणि मशागतीवर जास्त खर्च करू लागले.

सब-१ ची मर्यादाही ठाऊक हवी. पूर दोन आठवड्यांच्या पलीकडे टिकला तर हे वाणही मरतात. पाणी अर्ध्या उंचीवर महिनोन् महिने साचून राहत असेल तर वाढ थांबवून भागत नाही. खोल पाण्यातल्या भातांनी याच्या नेमका उलट मार्ग धरला आहे : पाणी चढेल तसे ते दिवसाला वीस-पंचवीस सेंटिमीटरपर्यंत लांबू शकतात. जपानी संशोधकांनी २००९ मध्ये त्यांच्यातली ‘स्नॉर्केल’ जनुके शोधली. गंमत अशी की तीही सब-१ ए च्याच कुळातली आहेत. इथिलीनचाच निरोप ऐकून एक जनुक थांब म्हणते, दुसरे वाढ. पेरल्याबरोबर शेत बुडाले तर बी उगवून येण्यासाठी आणखी वेगळे जनुक लागते. खाऱ्या पाण्याचा प्रश्न तर स्वतंत्रच. केरळच्या ‘पोक्काली’ भातातून पहिल्या गुणसूत्रावरची ‘सॉल्टॉल’ ही जागा मिळाली असून ती इतर वाणांत घालण्याचे काम चालू आहे. कोकणातल्या खारजमिनी आणि गोव्यातल्या खाजण शेतीच्या दृष्टीने हे काम जवळचे आहे; गोव्याचे ‘कोरगुट’ भात पिढ्यान् पिढ्या असेच खारे पाणी सोसत आले आहे.

अनुक्रम ठाऊक असला की तो जागच्या जागी बदलताही येतो. ४ मे २०२५ रोजी भारतात जनुक-संपादनाने तयार केलेले दोन भातवाण जाहीर झाले. हैदराबादच्या भारतीय भात संशोधन संस्थेचा ‘डीआरआर धान १००’ म्हणजे ‘कमला’ हा ‘सांबा महसुरी’वर आधारलेला आहे. लोंबीतल्या सायटोकायनिन या संप्रेरकाचे विघटन करणारे जनुक त्यात निकामी केले आहे, जेणेकरून दाणे अधिक भरावेत. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचा ‘पुसा डीएसटी राइस १’ अवर्षण आणि क्षारता सोसण्यासाठी आहे. दोन्ही वाणांत बदललेल्या जनुकांची कामे आधीच्या दशकांत जपान आणि चीनमधल्या संशोधनातून कळली होती. परके जनुक घातलेले नसल्याने अशा वाणांना २०२२ मध्ये जनुकबदल पिकांच्या नियमांतून सूट मिळाली. संपादन-तंत्राच्या पेटंटचे काय, हा शेतकरी संघटनांचा प्रश्न रास्त आहे. सार्वजनिक संस्थेचे बियाणे असले तरी त्यामागचे हत्यार कोणाच्या मालकीचे आहे हे शेतकऱ्याला स्पष्ट कळायला हवे.

मालकीचा प्रश्न अनुक्रमालाही लागू होतो. अमेरिका, युरोप आणि जपानमधल्या तीन मोठ्या माहितीपेढ्या आपसांत अनुक्रमांची देवाणघेवाण करतात आणि ते कोणालाही विनामूल्य पाहता येतात. फरीदाबादला भारताची स्वतःची पेढी २०२२ मध्ये सुरू झाली. या खुलेपणावाचून सब-१ सारखे काम झालेच नसते. पण बियाणे देशाबाहेर नेताना परवानगी आणि लाभवाटपाचे नियम लागतात, तर त्याच बियाण्याचा अनुक्रम संगणकावरून क्षणात उतरवता येतो. धलपुतिया ज्यांनी जपले त्या शेतकऱ्यांसारख्यांचा वाटा या फटीतून निसटतो. जैवविविधता कराराच्या सदस्य देशांनी २०२२ मध्ये मॉन्ट्रियलला यासाठी सामाईक व्यवस्था करायचे ठरवले आणि २०२४ मध्ये कोलंबियातल्या काली शहरात निधीचा आराखडा मंजूर केला. अनुक्रमांच्या आधारे व्यवसाय करणाऱ्या मोठ्या कंपन्यांनी नफ्याचा एक टक्का किंवा उलाढालीचा ०.१ टक्का या निधीत द्यावा आणि त्यातला किमान अर्धा आदिवासी व स्थानिक समुदायांच्या गरजांसाठी खर्च व्हावा, असे त्यात म्हटले आहे. कंपन्यांसाठी हे देणे अजून ऐच्छिक आहे. भारताच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाने २०२५ मध्ये लाभवाटपाची जी नवी नियमावली काढली, तिच्यात डिजिटल अनुक्रमाचाही समावेश केला आहे.